ताप मूत्रपिंडाचा, नजर रक्तावर

दसरा झाला की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी, परळी, कोणत्याही तालुक्यातल्या रस्त्याला उभे राहा, भांडीकुंडी, शेळ्या आणि लेकरे घेऊन चाललेले ट्रॅक्टर दिसतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर आणि सीमेपलीकडे बेळगाव या भागांतल्या कारखान्यांवर ही माणसे मार्च-एप्रिलपर्यंत राहतील. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई मागे राहिली तर कोयता अर्धा होतो, आणि उचल तर पूर्ण कोयत्याची घेतलेली असते. म्हणून दिवस गेलेल्या बायकाही फडावर जातात. त्यांतल्या काहीजणी येत्या सहा महिन्यांत थंडी वाजून ताप आला, कूस धरली, पोटात पाणी ठरत नाही, असे सांगत या मासिकाच्या कोणा ना कोणा वाचकाच्या दवाखान्यात येणार आहेत. कोणी कारखान्याजवळच्या गावात, कोणी परत आल्यावर आपल्याच तालुक्यात. त्या तापाबद्दल आम्हाला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. गरोदरपणातला मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग आपण लघवीचा आजार म्हणून हाताळतो. रुग्ण दाखल झाल्याच्या पहिल्या तासापासून त्याकडे रक्ताचा आजार म्हणूनही पाहायला हवे.

संसर्ग मूत्रपिंडापर्यंत का चढतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. प्रोजेस्टेरॉनमुळे मूत्रवाहिन्या सैल पडतात, वाढते गर्भाशय त्यांच्यावर दाबते आणि ते उजवीकडे कलत असल्याने उजवी बाजू जास्त सापडते. लघवी साचते, जंतूंना वर चढायला वाट मिळते. सुमारे २ ते १० टक्के गरोदर स्त्रियांच्या लघवीत कोणतेही लक्षण नसताना जंतू सापडतात. मूत्रपिंडाचा तीव्र संसर्ग साधारण ०.५ ते २ टक्के गरोदरपणांत होतो, बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत, आणि बहुतांश वेळा ई-कोलाय हाच जंतू असतो.

पुढे काय होते याचा उत्तम हिशेब अमेरिकेतल्या डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयाने २००५ साली मांडला. दोन वर्षांतल्या ४४० रुग्णांपैकी २३ टक्क्यांना रक्तक्षय झाला, १७ टक्क्यांच्या रक्तात जंतूंचा प्रादुर्भाव आढळला, ७ टक्क्यांची फुप्फुसे अडचणीत आली आणि २ टक्क्यांच्या मूत्रपिंडांचे काम काही काळ मंदावले. या रुग्णांना वेळेवर खाट, शिरेतून प्रतिजैविक आणि देखरेख मिळाली होती. यातला रक्तक्षयाचा आकडा आपण सहसा वाचून सोडून देतो, कारण आपल्याकडे प्रत्येक दुसरी गरोदर बाई आधीच फिकी असते. पण हा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नाही. जंतूंच्या आवरणातल्या एंडोटॉक्सिनने लाल पेशी फुटतात, आणि दोन-तीन दिवसांत हिमोग्लोबिन खाली येते. आठ ग्रॅमवर दाखल झालेली बाई साडेसहावर गेली तर ‘सलाईनने रक्त पातळ झाले’ एवढ्यावर समाधान मानू नये.

तेच एंडोटॉक्सिन रक्ताच्या गोठण्याच्या यंत्रणेलाही हात घालते. इथे जरा थांबून पाहायला हवे, कारण गरोदरपणात ही यंत्रणा मुळातच एका बाजूला झुकलेली असते. बाळंतपणात रक्त जाणार, म्हणून शरीर आधीपासून तयारी करते. फायब्रिनोजेन वाढते. एरवी ते २०० ते ४०० मिलिग्रॅम असते, नवव्या महिन्यात ४०० ते ६०० च्या घरात जाते. सातवा, आठवा, दहावा हे गोठण-घटक आणि व्हॉन विलेब्रँड घटक वाढतात. गोठण आवरणारे प्रोटीन-एस कमी होते. तयार झालेली गुठळी विरघळवण्याच्या कामाला पीएआय-१ आणि वारेतून येणारे पीएआय-२ हे अटकाव करतात. एरवी हा तोल बाळंतिणीचा जीव वाचवतो.

अशा तोलावर मूत्रपिंडातून जंतू रक्तात उतरतात. एंडोटॉक्सिन मोनोसाइट पेशींना चेतवते, त्यांच्या पृष्ठभागावर टिश्यू फॅक्टर येतो आणि थ्रॉम्बिन तयार होऊ लागते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरचे थ्रॉम्बोमोड्युलिन झडते, म्हणजे थ्रॉम्बिनला आवर घालणारी जागाच नाहीशी होते. न्यूट्रोफिल पेशी आपल्या डीएनएची जाळी बाहेर टाकतात आणि प्लेटलेट त्यांत अडकतात. पीएआय-१ आणखी वाढते, गुठळ्या विरघळणे थांबते. बारीक रक्तवाहिन्यांत फायब्रिन साचत जाते, फुप्फुसांत, मूत्रपिंडांत, कधी वारेतही. मूत्रपिंडाच्या बाह्य थरातल्या वाहिन्या अशा बंद झाल्या तर कॉर्टिकल नेक्रोसिस होतो आणि ते मूत्रपिंड बहुधा पूर्वीसारखे होत नाही. भारतातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी गर्भपातानंतरच्या आणि बाळंतपणानंतरच्या जंतुदोषात हे चित्र पिढ्यानपिढ्या पाहिले आहे. या साऱ्या गोठण्यात प्लेटलेट, फायब्रिनोजेन आणि गोठण-घटक खर्ची पडतात. खर्च भरपाईपेक्षा वाढला की सुई टोचलेल्या जागेतून, हिरड्यांतून, लघवीतून आणि बाळंतपण झालेच तर गर्भाशयातून रक्त थांबत नाही. आपण ज्याला डीआयसी म्हणतो त्याचे हे शेवटचे टोक आहे. रक्तस्राव दिसतो तेव्हा गोठण्याचा आजार जुना झालेला असतो.

बहुतेक रुग्णांत गोष्ट इतकी पुढे जात नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. योग्य प्रतिजैविक वेळेवर मिळाले तर बहुतेकजणी बऱ्या होऊन घरी जातात. पण ज्या थोड्या जणींत ती पुढे जाते, त्या पहिल्या दिवशी वेगळ्या दिसत नाहीत. तपासणीचे कागद मात्र बोलत असतात, फक्त ते गरोदरपणाच्या मापाने वाचावे लागतात.

उदाहरणादाखल, तिसाव्या आठवड्यातल्या तापलेल्या बाईचे फायब्रिनोजेन २२० आले. प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत ते बसते, शेजारी चांदणी नसते, आणि अहवाल ‘नॉर्मल’ म्हणून फाइलला लागतो. या बाईचे फायब्रिनोजेन ४५०-५०० असायला हवे होते. निम्म्याहून अधिक कुठेतरी गेले आहे. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाच्या अभ्यासांत २०० च्या खाली गेलेले फायब्रिनोजेन तीव्र रक्तस्रावाची जवळजवळ खात्रीची सूचना ठरले आहे, हे लक्षात घेतले तर २२० हा आकडा किती काठावरचा आहे ते कळेल. पीटी-आयएनआरचेही तसेच. गरोदरपणात पीटी थोडा आखूडच असतो, म्हणून प्रयोगशाळेच्या नियंत्रण-वेळेपेक्षा दोन-तीन सेकंद जास्त लागले तर त्याला महत्त्व द्यावे. प्लेटलेट एका आकड्याने पाहू नयेत. एक लाख दहा हजार हा आकडा निरोगी गरोदरपणातही सापडतो. मात्र काल एक लाख नव्वद आणि आज एक लाख दहा, हा वेगळाच आजार आहे. डी-डायमरवर पैसे घालवू नयेत, गरोदरपणात तो वाढलेलाच असतो. इस्रायलच्या एरेझ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये गरोदरपणासाठी बदललेली डीआयसी-गुणपद्धती मांडली, तीही प्लेटलेट, पीटीतला फरक आणि फायब्रिनोजेन या तिघांवरच उभी आहे. या तीन तपासण्या दाखल करताना आणि पुन्हा २४ तासांनी कराव्यात, ताप उतरत नसेल तर त्याआधीच, असा आमचा आग्रह आहे.

फायब्रिनोजेन तालुक्याच्या गावी होत नाही, ही अडचण खरी आहे. अशा ठिकाणी २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी हाताशी असते. सर्पदंशामुळे आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला ती पाठ आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त, वीस मिनिटे न हलवता, मग एकदाच कलती करायची. प्लास्टिकची नळी किंवा साबणाने धुतलेली नळी चालत नाही. पण तिची मर्यादा ओळखून वापरावी. फायब्रिनोजेन फारच खाली, साधारण शंभराच्या आसपास किंवा त्याखाली गेल्यावरच रक्त गोठत नाही. म्हणून गुठळी झाली नाही तर रुग्ण तातडीने हलवायचा, आणि गुठळी झाली तर तेवढ्याने निश्चिंत व्हायचे नाही. सहा तासांनी पुन्हा करायची.

आता काही सवयींबद्दल, ज्या आपल्या भागात फार रुजल्या आहेत. पहिली, ताप आणि कमी प्लेटलेट दिसल्या की डेंग्यूचा शिक्का. पावसाळा सरतानाच्या महिन्यांत तो अनेकदा बरोबरही असतो. पण गरोदर बाईत कूस ठोकून पाहिल्याशिवाय आणि लघवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय तो मारू नये, कारण डेंग्यूत प्रतिजैविक थांबवले तर चालते आणि इथे तेच थांबवल्याने जीव जातो. दुसरी सवय डायक्लोफिनॅकच्या इंजेक्शनची. तापाला आणि कुशीच्या कळेला तत्काळ आराम पडतो, म्हणून मागणीही असते. उलट्यांनी कोरड्या पडलेल्या, जंतुदोषाने ग्रासलेल्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा ते आणखी घटवते, प्लेटलेटचे काम बिघडवते आणि विसाव्या आठवड्यानंतर गर्भजलही कमी करू शकते. पॅरासिटामोल पुरेसे आहे. तिसरी गोष्ट सेफोपेराझोन-सल्बॅक्टमची. मोठ्या खासगी रुग्णालयांत हे औषध सर्रास सुरू होते. त्याच्या रेणूची एक बाजूसाखळी जीवनसत्त्व-केच्या चक्रात अडथळा आणते. चार-पाच दिवस पोटात अन्न नाही, आतड्यातले जंतू प्रतिजैविकाने मेलेले, आणि वर हे औषध. अशा बाईचा पीटी पाचव्या-सहाव्या दिवशी लांबला तर तो डीआयसी नसून जीवनसत्त्व-केची कमतरता असू शकते. फायब्रिनोजेन आणि प्लेटलेट चांगल्या असतील तर हाच संशय आधी घ्यावा. जीवनसत्त्व-के शिरेतून सावकाश दिले की काही तासांत उत्तर मिळते.

आणि जी गोष्ट जवळपास कोणीच करत नाही ती म्हणजे गुठळीचा प्रतिबंध. ताप, शरीरातले कोरडेपण, अंथरुणाला खिळणे आणि गरोदरपण, चारही एकत्र. ब्रिटनच्या रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शिकेत सक्रिय जंतुसंसर्गाला एक गुण आहे, कोरडेपण-अचलतेला एक गुण आहे, आणि गरोदरपणात रुग्णालयात दाखल झालेल्या प्रत्येकीच्या बाबतीत कमी रेणुभाराच्या हिपॅरिनचा विचार करा असे म्हटले आहे. एकीकडे रक्तस्रावाची भीती आणि दुसरीकडे हिपॅरिन, हे अनेकांना विसंगत वाटते. पण प्लेटलेट स्थिर आहेत, फायब्रिनोजेन गरोदरपणाला साजेसे आहे, रक्त कुठून जात नाही आणि लगेच बाळंतपण दिसत नाही, अशा बाईला प्रतिबंधक मात्रा देणे सुरक्षित आहे. प्लेटलेट घसरत असतील तर थांबावे. एका पायाला सूज आली किंवा अचानक दम लागला तर ‘गरोदरपणात असे होतेच’ हे वाक्य बाजूला ठेवून गुठळी शोधावी.

दमाबद्दल आणखी एक. प्रतिजैविक सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या ४८ तासांत जंतू फुटून एंडोटॉक्सिन मोकळे होते आणि काहींची फुप्फुसे त्याच काळात पाण्याने भरतात. कळा थांबवण्यासाठी दिलेली बीटा-उत्तेजक औषधे आणि हात सैल सोडून दिलेले सलाईन यांनी हा धोका वाढतो. श्वसनाची गती मिनिटाला २५ च्या वर, वरचा रक्तदाब ९० च्या खाली, किंवा बाई नीट उत्तर देईनाशी झाली, यांतली कोणतीही दोन चिन्हे दिसली तर ती तालुक्याच्या गावात ठेवण्याजोगी राहिलेली नाही. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, बीडचे जिल्हा रुग्णालय, आष्टीकरांना अहिल्यानगर, गेवराईकरांना छत्रपती संभाजीनगर, जिथे जवळ पडेल तिथे पाठवावे. पण आधी फोन करून गोठण-घटकांचा प्लाझ्मा आणि क्रायोप्रेसिपिटेट मिळेल का ते विचारावे. दोन पिशव्या लाल रक्त बरोबर देऊन पाठवलेली, न गोठणाऱ्या रक्ताची बाई त्या दोन पिशव्यांनी वाचत नाही.

ताप असतानाच कळा सुरू झाल्या तर कंबरेत सुई घालण्याआधी त्याच दिवसाच्या प्लेटलेट आणि पीटी पाहिल्याच पाहिजेत, आणि हिपॅरिनची प्रतिबंधक मात्रा दिल्याला बारा तास झाले आहेत का तेही. रक्तस्राव झालाच तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड तीन तासांच्या आत द्यावे, हे २०१७ च्या ‘वुमन’ अभ्यासाने वीस हजारांवर स्त्रियांमध्ये दाखवले. मात्र लघवी उतरत नसलेल्या बाईत पुनःपुन्हा मात्रा देऊ नयेत. ते मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते.

मूळ उपचार सगळ्यांना माहीत आहेत, तरी दोन ठिकाणी ढिलाई दिसते. प्रतिजैविक सुरू करण्याआधी लघवी आणि शक्य तर रक्त कल्चरला पाठवायला हवे. आपल्याकडच्या ई-कोलायमध्ये तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनना दाद न देण्याचे प्रमाण इतके आहे की आंधळेपणाने सेफ्ट्रियाक्झोनवर पाच दिवस काढणे परवडत नाही. ४८ ते ७२ तासांत ताप उतरला नाही तर औषध बदलण्याबरोबरच सोनोग्राफी करून खडा किंवा अडथळा शोधावा. तुंबलेल्या मूत्रपिंडात पू असेल तर स्टेंट किंवा नळी टाकल्याशिवाय कोणतेही प्रतिजैविक पुरे पडत नाही, आणि गोठण बिघडत राहते.

हे सगळे खाटेजवळचे. पण बीड जिल्ह्यात या विषयाचा दुसरा अर्धा भाग फडावर आहे. पहाटे तीन-चारला काम सुरू होते, रात्री गाडी आली की पुन्हा मोळ्या वाहायच्या. कोपीला मोरी नाही, शौचालय नाही, पाणी पाटाचे किंवा टँकरचे. आडोसा नाही म्हणून बाई दिवसभर लघवी धरून ठेवते आणि लघवी लागू नये म्हणून पाणीच कमी पिते. खाडा पडला तर पैसे कापले जातात, म्हणून उन्हाळी लागली तरी ती अंगावर काढते. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितले की तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्या आकड्यांमागे अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, लघवीला जळजळ अशा तक्रारी होत्या, ज्यांतल्या कित्येक साध्या जंतुसंसर्गाच्या, औषधाने बऱ्या होणाऱ्या होत्या. आपल्या व्यवसायाने त्या तक्रारींना ‘पिशवी काढू’ हे उत्तर दिले, ही गोष्ट आपल्याला विसरता येणार नाही आणि विसरू नये. त्याच तक्रारी घेऊन, त्याच फडावरून गरोदर बाई येते तेव्हा तिच्या लघवीची तपासणी न करणे हे त्याच दुर्लक्षाचे दुसरे रूप आहे.

आपल्या गरोदर माता तपासणीत लघवीतली साखर आणि अल्ब्युमिन पाहिले जाते, जंतू बहुधा पाहिले जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या शिफारशींत कल्चर सुचवले, आणि ते शक्य नसेल तिथे पट्टीपेक्षा ग्रॅम-रंगक्रिया पसंत केली. प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी आणि हिवतापासाठी सूक्ष्मदर्शक आहे, तंत्रज्ञ आहे. मधल्या धारेची ताजी लघवी, न फिरवता, काचेवर एक थेंब, ग्रॅम-रंग, तेलाच्या भिंगाखाली प्रत्येक क्षेत्रात एक जंतू दिसला की मिलिलिटरला सुमारे एक लाख. यापेक्षा स्वस्त तपासणी आपल्याकडे दुसरी नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो अभ्यासावर आधारलेला आहे. नेदरलँड्समधल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या काझेमियर यांच्या अभ्यासात लघवीत जंतू असूनही उपचार न मिळालेल्या २०८ स्त्रियांपैकी फक्त पाच जणींना, म्हणजे २.४ टक्क्यांना, मूत्रपिंडाचा संसर्ग झाला. जुन्या अभ्यासांत हे प्रमाण २०-३० टक्के सांगितले जात असे. मग एवढा खटाटोप कशाला? आम्हाला हा अभ्यास मोलाचा वाटतो, पण तो कमी जोखमीच्या गरोदर स्त्रियांवर, घरात नळ आणि शौचालय असलेल्या देशात झाला. दिवसभर लघवी धरणाऱ्या, आठ ग्रॅम हिमोग्लोबिनच्या, ताप आला तरी चार दिवस फडातून न निघू शकणाऱ्या बाईला त्याचे उत्तर लागू करणे घाईचे ठरेल. आपल्या जिल्ह्याचा असा अभ्यास आपणच करायला हवा. अंबाजोगाईच्या स्त्रीरोग आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी तो हाती घेतला तर हे मासिक त्याला जागा देईल.

तोपर्यंत, टोळ्या निघण्यापूर्वी एक काम होऊ शकते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या ९ तारखेला, फडावर जाणार असलेल्या प्रत्येक गरोदर बाईची लघवी ग्रॅम-रंगाने पाहावी. विचारताना ‘मूत्रमार्गाचा त्रास आहे का’ असे न विचारता उन्हाळी लागते का, थेंबथेंब होते का, थंडी वाजते का, असे विचारावे. जंतू सापडले तर सात दिवसांचे औषध आपल्यासमोर सुरू करावे. ज्यांना या गरोदरपणात मूत्रपिंडाचा संसर्ग एकदा होऊन गेला आहे त्यांना रात्रीची नायट्रोफ्युरँटोइनची गोळी बाळंतपण जवळ येईपर्यंत द्यावी, शेवटच्या आठवड्यांत थांबवावी, आणि जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्यांना देऊच नये.

या बाईची पुढची लघवी-तपासणी कोल्हापूर किंवा बेळगाव जिल्ह्यात होणार आहे, जिथे तिला ओळखणारे कोणी नाही. म्हणून माता-बालक संरक्षण कार्डावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहावे: संसर्ग कधी झाला, कोणता जंतू, कोणते प्रतिजैविक लागू पडले, कोणते पडले नाही, त्या वेळी प्लेटलेट, पीटी आणि फायब्रिनोजेन किती होते, रक्तगट कोणता. कार्डाचा फोटो नवऱ्याच्या आणि शक्य तर मुकादमाच्या मोबाइलमध्ये घालून द्यावा, कारण कागद कोपीत भिजतो. गावच्या आशाताईंनी उपचारानंतर दोन आठवड्यांनी आणि मग दर महिन्याला फोन करून लघवी पुन्हा तपासली का ते विचारावे. कारखान्याच्या परिसरात दवाखाना चालवणाऱ्या वाचकांना विनंती आहे की असे कार्ड घेऊन आलेल्या बाईला सलाईन लावण्याआधी ते वाचावे, आणि तिला परत पाठवताना आपल्याकडचे आकडे त्याच पानावर, त्याखालीच, तारखेसह लिहावेत.